‘करून राहिला’ : आर्वी परिसरातील एका क्रियापदबंधाचा अर्थ, उगम आणि वापर

१

‘तो जेवून राहिला’ हे वाक्य मराठीच्या दोन भाषकांपुढे ठेवले, तर त्यांना त्यातून दोन निरनिराळ्या घटना दिसतात. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वाचकाला वाटते की त्या माणसाचे जेवण उरकले आणि त्यानंतर तो तेथेच मुक्कामास थांबला. आर्वीच्या वाचकाला मात्र तो माणूस या क्षणी पानावर बसलेला दिसतो. एकाच्या दृष्टीने क्रिया संपलेली आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने ती चालू आहे. शब्द तेच आहेत, प्रत्यय तेच आहेत, आणि दोघेही मराठीच बोलत आहेत.

या क्रियापदबंधाविषयी सुशिक्षित समाजात जे मत रूढ आहे, त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग असा की, हा प्रयोग हिंदीच्या ‘कर रहा है’ या रूपाचे शब्दशः अनुकरण होय. दुसरा असा की, ‘ऊन’ हा प्रत्यय क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवतो, म्हणून त्याने अपूर्ण क्रिया सांगणे तर्काला सोडून आहे. तिसरा भाग पहिल्या दोहोंवर आधारलेला आहे: ज्या अर्थी हा प्रयोग परका आणि तर्कदुष्ट, त्या अर्थी तो अशुद्ध. विदर्भातील शाळांतून उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ ओढली जाते ती या तिसऱ्या मताच्या बळावर. ज्या विद्यार्थ्याच्या घरी, शेतावर आणि बाजारात वर्तमान काळातील प्रत्येक चालू क्रिया याच रूपाने सांगितली जाते, त्याला ही रेघ आपल्या वाक्यावर नसून आपल्या घराच्या बोलीवर ओढलेली दिसते. म्हणून या तिन्ही मतांची स्वतंत्र परीक्षा होणे अगत्याचे आहे. प्रथम वापर, नंतर अर्थ आणि शेवटी उगम, या क्रमाने येथे ती केली आहे. उगमाचा प्रश्न आधी हाती घेतला म्हणजे वापराकडे दुर्लक्ष होते, असाच आजवरचा अनुभव आहे.

२

आर्वी हे वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुक्याचे गाव. तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा सुरू होतो. राजकीय इतिहासाने ही नदी बराच काळ सीमा म्हणून वापरली. अलीकडचा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. ते १८५३ साली इंग्रजांनी खालसा केले आणि पुढे १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. पलीकडचे वऱ्हाड निजामाच्या ताब्यातून १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. १९५६ पर्यंत दोन्ही बाजू जुन्या मध्य प्रदेशात होत्या. त्यानंतर त्या मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आल्या.

बोलींच्या नकाशात अलीकडच्या बोलीला नागपुरी व पलीकडच्या बोलीला वऱ्हाडी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु लग्नसंबंध, बाजारहाट आणि यात्रा यांनी ही सीमा कधीच मानली नाही. नदीकाठच्या कौंडण्यपूरच्या यात्रेला दोन्ही तीरांवरची माणसे जमतात. आर्वीच्या कापूस बाजारात मारवाडी व हिंदी बोलणारे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि उत्तरेला थोड्याच अंतरावर हिंदीचा प्रदेश लागतो. १९१७ साली सुरू झालेल्या पुलगाव-आर्वी या अरुंदमापी रेल्वेने हे गाव मुंबई-नागपूर मार्गाला जोडले होते. आता ती बंद आहे. सारांश, वऱ्हाडी, नागपुरी आणि हिंदी या तिहींचा संपर्क जेथे नित्याचा आहे, अशा गावाची बोली प्रस्तुत प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीची आहे.

३

आर्वी परिसरात हा क्रियापदबंध पुढीलप्रमाणे ऐकू येतो: ‘पोरगा अभ्यास करून राह्यला’, ‘माय पोळ्या करून राह्यली’, ‘पाणी येऊन राह्यलं’, ‘काऊन रडून राह्यला बे?’, ‘मले दिसून नाही राह्यलं’. ‘आहे’ हे रूप पुढे जोडले तरी चालते, पण बहुधा ते गाळले जाते. भूतकाळात मात्र ‘होता’ आवश्यक ठरते: ‘मी आलो तवा तो जेवून राह्यला होता.’

मराठी व्याकरणात संयुक्त क्रियापदाची जी सर्वमान्य कसोटी आहे, तीच येथे लावून पाहावी. ‘तो जेवून गेला’ या वाक्यात जेवणे आणि जाणे अशा दोन क्रिया आहेत. म्हणून ते संयुक्त क्रियापद नव्हे. ‘त्याने निबंध लिहून टाकला’ या वाक्यात टाकण्याची वेगळी क्रिया नाही. म्हणून ‘लिहून टाकला’ हे संयुक्त क्रियापद होय. या दृष्टीने आर्वीच्या ‘करून राह्यला’ची चार लक्षणे महत्त्वाची आहेत.

पहिले लक्षण दोन पदांमधील जागेचे. पुण्याच्या अर्थाने ‘जेवून राहिला’ म्हणताना मध्ये स्थळ किंवा काळ घालता येतो: ‘जेवून रात्री तेथेच राहिला.’ आर्वीच्या अर्थाने बोलताना मध्ये ‘च’, ‘नाही’ यांसारख्या अव्ययांखेरीज सहसा काही येत नाही: ‘तो ऐकूनच नाही राह्यला.’ स्थळ मध्ये आले की आर्वीकराच्या कानालाही मुक्कामाचाच अर्थ कळतो. म्हणजे संदिग्धतेचा जो दोष या प्रयोगावर ठेवला जातो, त्याचा परिहार बोलीने शब्दक्रमाच्या साहाय्याने आपल्यापुरता केलेला आहे.

दुसरे लक्षण धातूंच्या निवडीचे. ‘राहणे’ याचा मूळ अर्थ शिल्लक असता, तर गतिवाचक धातूशी त्याचे जमले नसते. जो राहिला तो गेला नाही, आणि जो गेला तो राहिला नाही. परंतु ‘मी बाजारात जाऊन राह्यलो’ याचा आर्वीतील अर्थ ‘मी बाजाराच्या वाटेवर आहे’ असाच होतो. ‘ढोरं उपाशी मरून राह्यली’ या वाक्यातील जनावरे अजून जिवंत आहेत. इतकेच नव्हे, तर ‘सध्या कुठी राहून राह्यला?’ असा प्रश्नही विचारला जातो. एखादे क्रियापद आपल्याच मूळ रूपाला सहाय्यक म्हणून लागू शकते, तेव्हा सहाय्यकाच्या जागी त्याचा मूळ अर्थ झिजून गेला आहे, याविषयी शंका राहत नाही.

तिसरे लक्षण प्रयोगाचे. सकर्मक धातूचा भूतकाळ मराठीत कर्माप्रमाणे चालतो आणि कर्ता तृतीयेत जातो: ‘तिनं पोळ्या केल्या’, तसेच ‘तिनं पोळ्या करून ठेवल्या.’ परंतु ‘ती पोळ्या करून राह्यली’ येथे कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘राहणे’ अकर्मक असल्यामुळे सबंध बंधाचा प्रयोग कर्तरी होतो. नियम हाच की, रूप चालते ते शेवटच्या क्रियापदाच्या स्वभावाप्रमाणे. शाळेत कधीही न गेलेला बोलणारा हा नियम सहजपणे पाळतो. ज्या रचनेला असा काटेकोर नियम आहे, तिला अशुद्ध म्हणताना थोडे थांबावे लागते.

चौथे लक्षण वाटणीचे. आर्वीच्या बोलीत ‘तो शेतात जाते’ हे रूप नेहमीच्या सवयीसाठी, ‘तो शेतात जाऊन राह्यला’ हे चालू क्रियेसाठी, आणि ‘तो बोलतच राह्यला’ हे थांबायला हवे असताना न थांबलेल्या क्रियेसाठी वापरले जाते. प्रमाण मराठीत हीच वाटणी ‘जातो’, ‘जात आहे’ आणि ‘बोलत राहिला’ या तीन रूपांनी होते. म्हणजे बोलीत एका खणाचे काम दुसऱ्या रूपाकडे गेले आहे एवढेच. खण तितकेच आहेत आणि त्यांची सरमिसळ झालेली नाही.

४

आता तर्काच्या आक्षेपाकडे वळावे. ‘ऊन’ जर पूर्वकाल दाखवतो आणि ‘राह्यला’ हे जर भूतकाळाचे रूप आहे, तर या दोहोंच्या मिलाफातून वर्तमानकाळातील अपूर्ण क्रिया कशी निघावी?

याचे उत्तर ‘राहणे’ या धातूच्या स्वभावात सापडते. मराठीत या धातूचा अर्थविस्तार मोठा विलक्षण आहे. ‘पाऊस राहिला’ म्हणजे थांबला. ‘दोन आंबे राहिले’ म्हणजे उरले. ‘सांगायचे राहिले’ म्हणजे घडलेच नाही. ‘गर्भ राहिला’ म्हणजे टिकला. ‘राहू दे’ म्हणजे आहे तसे असो. गतीचा अंत आणि स्थितीचा आरंभ या दोन्ही बाजू या एका धातूत एकत्र नांदतात. जे थांबते तेच टिकते, हे त्याचे सूत्र होय. म्हणूनच ‘पाऊस राहिला’ आणि आर्वीचे ‘पाऊस येऊन राह्यला’ ही एकमेकांच्या उलट अर्थाची वाक्ये एकाच धातूवर उभी राहू शकतात. पहिल्यात पावसाची गती थांबली आहे. दुसऱ्यात पाऊस येण्याची स्थिती टिकली आहे.

राहिला प्रश्न भूतकाळी रूपाचा. मराठीत स्थितिवाचक धातूंचे भूतकाळी रूप वर्तमान स्थिती दाखवते, हे नेहमीच्या अनुभवाचे आहे. ‘बाळ झोपले आहे’ याचा अर्थ बाळ आता झोपेत आहे असा होतो. ‘तो ओट्यावर बसला आहे’ हे वाक्य बसण्याच्या कृतीविषयी नसून बसलेल्या अवस्थेविषयी आहे. शरीराच्या स्थितीचा आरंभ झाला की ती स्थिती चालू झाली, असा हा विचार. ‘राहिला’ हे रूप याच वर्गातील आहे. तेव्हा ‘करून राह्यला’ याचा घटकशः अर्थ ‘करण्यात शिरून त्या स्थितीत स्थिर झाला’ असा लावता येतो, आणि तेथून ‘करीत आहे’ या अर्थापर्यंतचे अंतर फार थोडे आहे.

पूर्वकालवाचक धातुसाधित आणि ‘असणे-राहणे’ या अर्थाचे क्रियापद यांच्या संयोगाने अपूर्ण क्रिया सांगणाऱ्या भाषा इतरत्रही आहेत. तमिळमध्ये ‘तो करीत आहे’ हे ‘सेय्दु कोण्डु इरुक्किरान्’ असे सांगतात. त्याचे घटक ‘करून, घेऊन, आहे-राहतो’ असे आहेत. त्या भाषेच्या तर्कशुद्धतेवर कोणी बोट ठेवीत नाही. उलट कन्नडमधील ‘माडुत्ता इद्दाने’ ही रचना ‘करत आहे’ या प्रमाण मराठीच्या रचनेशी मिळतीजुळती आहे. एकंदरीत, चालू क्रिया सांगण्याचे हे दोन मार्ग भारतीय भाषांना पूर्वीपासून परिचित असून मराठीच्या पोटात ते दोन्ही आहेत.

५

इंग्रजी भाषेचा दाखला येथे दोन कारणांनी उपयोगी पडतो. एक तर वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला या प्रश्नाची पहिली जाणीव बहुधा इंग्रजीच्या भाषांतरातूनच होते. ‘ही इज ईटिंग’ आणि ‘ही कीप्स ईटिंग’ या दोन वाक्यांची मराठी मागितली असता पुस्तकात ‘तो खात आहे’ आणि ‘तो खात राहतो’ अशी उत्तरे असतात; विद्यार्थी पहिल्याला ‘तो खाऊन राहिला’ असे लिहितो. परीक्षकाला त्यात ‘ही हॅज ईटन’चा भास होतो आणि विद्यार्थ्याला काळांचा भेद कळत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः त्याला भेद अचूक कळलेला असतो. त्याने तो आपल्या बोलीच्या रूपाने व्यक्त केलेला असतो.

दुसरे कारण इतिहासाचे. इंग्रजीतील ‘कीप’ या क्रियापदाचा प्राचीन अर्थ पकडणे, लक्ष ठेवणे, पाळणे असा होता. त्यातून जवळ बाळगणे, नंतर एखाद्या स्थितीत ठेवणे किंवा टिकणे, आणि अखेरीस धातूच्या ‘इंग’ रूपापुढे येऊन ‘करीतच राहणे’, असा त्याचा प्रवास झाला. ठाम वस्तुवाचक अर्थाकडून केवळ क्रियेची अवस्था दाखवण्याकडे जाणारा हा मार्ग ‘राहणे’च्या मार्गाला समांतर आहे. फरक असा की, ‘कीप’ हे सातत्याच्या अर्थापाशी थांबले. आर्वीचे ‘राहणे’ आणखी एक पाऊल पुढे जाऊन साध्या अपूर्ण क्रियेचे चिन्ह बनले.

खुद्द ‘इज ईटिंग’ या रूपाचा वंशही सरळ नाही. प्राचीन इंग्रजीतील वर्तमान धातुसाधिताची रचना आणि ‘ऑन हंटिंग’, पुढे झिजून ‘अ-हंटिंग’, अशी नामाची रचना, या दोन प्रवाहांचा त्यात संगम झाला, असे सामान्यतः मानले जाते. वेल्श व कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांतील तशाच रचनेचा त्यावर परिणाम झाला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि त्याविषयी वाद आहे. वादाचा निकाल काहीही लागो. ‘इज ईटिंग’ हे वेल्श वळणाचे म्हणून अशुद्ध होय, असे कोणी म्हणत नाही. ‘इज बीइंग बिल्ट’ या रूपाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते लेखनात दिसू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात व्याकरणकारांनी त्यावर कुरूप व तर्कदुष्ट म्हणून प्रखर टीका केली. आज तेच रूप शाळेत नियम म्हणून शिकवले जाते, आर्वीच्या शाळेतही.

६

आता उगमाचा प्रश्न. ‘हिंदीचे अनुकरण’ हे उत्तर देताना दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. रचनेची सामग्री कोठली, हा एक. आणि तिचा साचा कोठला, हा दुसरा.

सामग्रीविषयी मतभेदाला जागा नाही. ‘ऊन’ हा प्रत्यय मराठीचा वडिलोपार्जित आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘काऊण’, ‘गंतूण’, ‘दट्ठूण’ या रूपांतील ‘ऊण’, जुन्या मराठीतील ‘करूनि’, ‘जाऊनि’ यांतील ‘ऊनि’, आणि आजचा ‘ऊन’ ही एकच परंपरा होय. हिंदीत येथे जे ‘कर’ दिसते ते वरवर धातूचे मूळ रूप वाटले, तरी जुन्या ‘करि’ या धातुसाधिताचा अंत्य स्वर लोपून ते झालेले आहे. तेव्हा ‘कर रहा है’ हेही मुळात ‘करून राहिला आहे’ असेच आहे. मात्र त्याचे धातुसाधित वेगळ्या प्रत्ययातून आले आहे. ‘राहणे’ आणि ‘रहना’ हे धातू तर दोन्ही भाषांना प्राकृतापासून समान वारशाने मिळालेले आहेत. म्हणजे आर्वीकराच्या वाक्यात हिंदीचा एकही शब्द वा प्रत्यय नाही.

साच्याविषयी मात्र अधिक विचार हवा. हा साचा एकट्या हिंदीचा नाही. गुजरातीत ‘ते करी रह्यो छे’ असे म्हणतात. खानदेशातील अहिराणीत ‘तो काय करी राह्यना?’ असा प्रश्न असतो. पंजाबीतही तीच घडण आहे. गुजरातपासून खानदेश, वऱ्हाड आणि नागपूरपर्यंतचा सलग पट्टा नकाशावर पाहिला, म्हणजे मराठीच्या सबंध उत्तर सीमेवर ही रचना पसरलेली दिसते. खानदेश मुंबई इलाख्यात होता, वऱ्हाड निजामाकडे होते, वर्धा-नागपूर भोसल्यांकडे. तेव्हा मध्य प्रांताच्या द्विभाषिक कारभाराने हा प्रयोग मराठीत आणला, हे म्हणणे टिकत नाही. वर्ध्यास १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, तिच्याकडेही हे श्रेय किंवा हा दोष जात नाही. ज्यांनी हिंदीची परीक्षा कधी दिली नाही, अशा शेतमजुरांच्या तोंडी तो तितकाच पक्का आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, या रचनेचे बीज प्रमाण मराठीत आजही जिवंत आहे. ‘लपून राहणे’, ‘टिकून राहणे’, ‘चिकटून राहणे’, ‘तग धरून राहणे’ हे प्रयोग कोणालाही परके वाटत नाहीत. ‘सुगंध खोलीत भरून राहिला आहे’ या वाक्यात सुगंध आधी भरला आणि नंतर मुक्कामाला राहिला, असा अर्थ कोणी करीत नाही. ‘ईश्वर चराचर व्यापून राहिला आहे’ हे वाक्य तर कीर्तनापासून तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापर्यंत सर्वत्र चालते. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. काळ वर्तमान आहे, रूप भूतकाळी आहे, ‘व्यापणे’ सकर्मक असूनही कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालले आहे. आर्वीच्या ‘ती पोळ्या करून राह्यली’ या वाक्याची घडण नेमकी हीच आहे. ईश्वराविषयी जी रचना प्रौढ वाटते, ती पोळ्या करणाऱ्या बाईविषयी आली की गावठी ठरते; फरक व्याकरणाचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

प्रमाण मराठीने ही रचना स्थितिवाचक धातूंपुरती मर्यादित ठेवली. व्यापणे, भरणे, लपणे, धरणे या क्रिया एकदा घडल्या की त्यांतून एक स्थिती निर्माण होते आणि ‘राहणे’ ती स्थिती टिकवते. आर्वीच्या बोलीने ही मर्यादा ओलांडून तीच रचना जेवणे, जाणे, रडणे अशा कृतिवाचक धातूंना लावली. हा विस्तार होताना शेजारच्या भाषांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना तसे मानले नाही, तर हाच विस्तार पुण्याकडे किंवा कोकणात का झाला नाही याचा उलगडा होत नाही. बीज तेथेही होते. बीज मराठीचे, आणि त्याला अंकुर फुटण्यास अनुकूल हवा उत्तरेकडची, असा निर्णय उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो. केवळ अनुकरणाचे मत बीजाकडे दुर्लक्ष करते, आणि निव्वळ स्वयंभू विकासाचे मत भूगोलाकडे.

७

या विवेचनावरून तिन्ही रूढ मतांविषयी काय म्हणता येईल? पहिले मत अर्धसत्य आहे. दुसरे मत ‘राहणे’ या धातूचा आणि मराठीतील स्थितिवाचक भूतकाळाचा विचार न केल्यामुळे झालेली चूक आहे. तिसऱ्या मताचे दोन्ही आधार असे ढासळल्यावर ‘अशुद्ध’ हा शेरा उभा राहू शकत नाही.

क्षणभर असे मानले की हा साचा संपूर्णपणे परका आहे, तरीही शेरा टिकेल काय? प्रमाण लेखनात ‘एखाद्या विषयावर प्रकाश टाकणे’, ‘चर्चेत भाग घेणे’ हे वाक्प्रचार सर्रास येतात. त्यांचे शब्द मराठी असले तरी साचा उघडपणे इंग्रजी आहे, आणि त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. इंग्रजीकडून साचा घेतला तर भाषेची समृद्धी, आणि हिंदीच्या शेजारात राहून तोच व्यवहार झाला तर भ्रष्टता, अशी दोन मापे शास्त्राला वापरता येत नाहीत. पहिली देवघेव ग्रंथकारांनी आणि वृत्तपत्रांनी केली, दुसरी बाजारात आणि बांधावर झाली, एवढाच भेद त्यांत आहे.

साहित्यसमीक्षेनेही येथे आत्मपरीक्षण करण्यासारखे आहे. उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीला मराठी कादंबरीत भक्कम स्थान मिळवून दिले. परंतु अशा कृतींविषयी लिहिताना बोलीचा उल्लेख बहुधा ‘अस्सल ग्रामीण रंग’, ‘मातीचा सुगंध’ अशा शब्दांत उरकला जातो. हे कौतुक आणि शाळेतील तांबडी रेघ यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: बोलीला रंग असतो, व्याकरण नसते. पात्राच्या तोंडी ‘करून राह्यला’ आले असता तेथे ‘करते’ किंवा ‘करत राह्यला’ का आले नाही, त्या निवडीने प्रसंगाचा काळ कसा बांधला गेला, हा प्रश्न विचारला म्हणजेच बोलीतील लेखनाची समीक्षा खऱ्या अर्थाने सुरू होते.

याचा अर्थ शाळेने प्रमाण रूपे शिकवू नयेत असा नाही. लिखित मराठी ही अनेक बोलींच्या भाषकांची सामाईक मालमत्ता आहे, आणि ज्या वाक्याने अर्ध्या वाचकांना जेवण संपल्याचे वाटेल ते वाक्य तेथे टाळणे सोयीचे आहे. ‘तो जेवत आहे’ हे रूप आर्वीच्या विद्यार्थ्याला आलेच पाहिजे. आक्षेप शिकवण्याला नाही, शिकवताना दिल्या जाणाऱ्या कारणाला आहे. ‘तुझे वाक्य चूक आहे’ असे सांगणे वेगळे. ‘तुझ्या बोलीत याला जो अर्थ आहे, तो लेखनात अमुक रूपाने सांगण्याचा संकेत आहे’ असे सांगणे वेगळे. पहिल्याने मूल आपल्या बोलीची लाज बाळगू लागते; दुसऱ्याने त्याला एकाऐवजी दोन व्याकरणे येतात, आणि त्यांची तुलना करण्याची दृष्टीही येते.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे या निमित्ताने एक निश्चित काम उभे राहते. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडात वऱ्हाड व नागपूरकडील बोलींचे नमुने आहेत. ते या एका रचनेच्या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजेत. महानुभावांच्या जुन्या गद्यात ‘ऊनि’कारान्त रूपापुढे ‘राहणे’ कोणकोणत्या धातूंशी येते, याची पूर्ण यादी झाली पाहिजे. तेथे हा बंध स्थितिवाचक धातूंपुरताच आढळला, तर येथे मांडलेल्या क्रमाला बळकटी येईल. कृतिवाचक धातूंशीही आढळला, तर विस्ताराचा काळ बराच मागे न्यावा लागेल. नदीच्या दोन्ही तीरांवर, आर्वी, आष्टी व कारंजा येथे आणि पलीकडे तिवसा व चांदूर येथे, भविष्यकाळात आणि आज्ञार्थात हा बंध कितपत चालतो, वयाप्रमाणे आणि शिक्षणाप्रमाणे त्याचे प्रमाण कसे बदलते, याची प्रत्यक्ष नोंद झाली पाहिजे. हे काम कोणत्याही विद्यार्थ्याला आपल्या गावी राहून करता येण्यासारखे आहे, आणि घरात ही बोली ऐकलेल्या विद्यार्थ्याला ते इतरांहून अधिक चांगले करता येईल. ज्या वाक्यांवर त्याच्या वहीत रेघा ओढल्या गेल्या, तीच वाक्ये येथे त्याचा पहिला पुरावा ठरतील.